पत्ता : गादीवाल्याच्या दुकानासमोर

आमच्या घराला नंबर होता. तो कराच्या पावतीवर छापलेला होता आणि तिथंच राहिला. पोस्टमनलाही तो माहीत नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरात पत्ता सांगायची रीत अशी की आधी मोठी खूण सांगायची, मग लहान खूण, मग बापाचं नाव. आमची मोठी खूण होती कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगची चिमणी. लहान खूण होती जिनिंगच्या भिंतीला टेकून बसलेला गादीवाला. मी कॉलेजच्या अर्जावर लिहिलं होतं, 'जिनिंगच्या मागे, गादीवाल्याच्या दुकानासमोर, जुने शहर, अकोला.' बापाला सही येत नव्हती, त्यामुळे त्याचा अंगठा घेतला आणि अर्ज टाकला.

प्रवेशाचं कार्ड त्याच पत्त्यावर आलं. दिवसा आमच्या घराला कुलूप असायचं. बाप जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचा, माय तिथंच कापूस वाहायची. म्हणून पोस्टमन आमचं सगळं टपाल चाचाकडे ठेवायचा. गादीवाल्याला अख्खा मोहल्ला चाचाच म्हणायचा. मी बाहेरून आलो तेव्हा चाचानं पिंजण, कापूस मोकळा करायचं तातीचं धनुष्य, बाजूला ठेवलं, हात पायजम्याला पुसले आणि कार्ड माझ्या हातात दिलं. ते उलटं धरलेलं होतं. चाचा उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेला. मराठी बोलायचा आमच्याहून झणझणीत, पण मराठी अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

"पास झाला का नापास?"

"प्रवेश मिळाला चाचा, कॉलेजात."

"मंग तोंड काहून असं करून राहिला? म्हातारी मेल्यावानी?" आणि भिंतीकडं तोंड करून, आत भोंगा वाजत होता तरी त्याहून मोठ्यानं ओरडला, "अरे ओ गाठीवाले! तेरा बेटा कालेज चला!"

बापाला ते ऐकू गेलं नाही. पण गेटवरच्या मुनीमाला गेलं आणि त्यानं आत निरोप दिला. आमच्या घरातली एवढी मोठी बातमी पहिल्यांदा चाचाच्या तोंडून फुटली. कार्डावर कापसाचे बारीक तंतू चिकटले होते. मी ते झटकले नाहीत, तसंच पेटीत ठेवलं.

मी आमच्या सात पिढ्यांतला पहिला बीए. हे मी आजही सांगतो. सांगताना आवाज खाली आणत नाही. ज्यांच्या घरात आजोबा वकील होते त्यांना यात काय एवढं, असं वाटत असेल. त्यांनी दुसऱ्याच्या घरचं पत्र वाचून दाखवायला रोज संध्याकाळी ओट्यावर बसलेलं नसतं. मी बसलो. मोहल्ल्यातला कुठलाही अर्ज, तक्रार, रेशनकार्डातली दुरुस्ती माझ्याच अक्षरात गेली. चाचा मला नावानं हाक मारायचा सोडून 'बीए' म्हणायला लागला. "ए बीए, इकडं ये, हे काय लिहेल हाय पाह्य." त्याच्या तोंडी ते चिडवणंही होतं आणि आशीर्वादही होता.

बीए झालो आणि एका स्थानिक पेपरात बातमीदार म्हणून लागलो. त्या पेपरचा आज कोणाला आठव नाही. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पहिल्या पानावर रोज एखादं गाव यायचं, गावाच्या नावाखाली एक माणूस, त्याच्या मागं राहिलेली माणसं. पानं लावणारा उपसंपादक ती बातमी आता न वाचताच चौकटीत बसवायचा. मला त्यानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "खेड्यातलं मरण पान एकवर चालूच आहे. तू शहराचं बघ. काहीतरी चांगलं दे. रस्ता, बाग, चौक. वाचणाऱ्याला चहासोबत काही तरी गोड लागतं." मी गोड द्यायला शिकलो. शहराचं पान माझ्याकडं आलं. महिन्याभरात मला बातम्यांची भाषा पाठ झाली. लोक एखादी गोष्ट करत असतील तर 'नागरिकांमधून समाधान व्यक्त होत आहे', करत नसतील तर 'नागरिकांमधून नाराजीचा सूर उमटत आहे'. नागरिक कोण, हे कोणी विचारत नसे.

मग आमचं जिनिंग बंद पडलं. कापूस यायचा कमी झाला, आलेला दुसरीकडं जायला लागला. मालकानं दोन वर्षं गेटला कुलूप ठेवून तिसऱ्या वर्षी जागा विकली. बाप घरी बसला. सकाळी भोंगा वाजत नव्हता तरी तो भोंग्याच्या वेळी उठायचा, अंघोळ करून दारात उभा राहायचा आणि चाचाच्या दुकानात जाऊन बसायचा. चाचा गादी भरायचा, बाप सुईत दोरा ओवून द्यायचा. 

जागा घेणाऱ्यानं चिमणी पाडायला काढली. मला ती बातमी मिळाली म्हणजे काय, माझ्या दारासमोरच घडत होती. मी दोन कॉलम लिहिले. मथळा दिला, 'जुन्या शहराचा चेहरामोहरा बदलणार'. व्यापारी संकुल, वाहनतळ, पथदिवे, सगळं घातलं. बापाच्या घामाचं त्यात काही नव्हतं. चिमणी पडताना तो आत जाऊन खाटेवर आडवा झाला होता, तेही नव्हतं. बातमी संपत आली तेव्हा शेवटचा परिच्छेद कमी पडत होता. मी तो लिहिला. आजही शब्दन् शब्द पाठ आहे : 'जिनिंगच्या भिंतीलगत अलीकडच्या काळात काही अनधिकृत टपऱ्या उभ्या राहिल्या असून त्यामुळे रहदारीस अडथळा निर्माण होत आहे. या टपऱ्या तातडीने हटवाव्यात, अशी मागणी परिसरातील नागरिकांमधून होत आहे.'

भिंतीलगत तीन दुकानं होती. एक सायकलवाला, एक चहाची गाडी, ही दोन खरोखर नवी. तिसरा चाचा. तो माझ्या जन्माच्या आधीपासून तिथं होता. मी लिहिताना त्याचा विचार केला नाही. त्याच्यावर राग होता म्हणून लिहिलं असतं तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. तसलं काही नव्हतं. अशा बातमीला असं शेपूट लागतं, ते तयार मिळत होतं, मी जोडलं.

फोटोग्राफरनं भिंतीचा फोटो काढला. त्यात खांद्याला पिंजण लावून उभा असलेला चाचा स्पष्ट आला. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात पेपर फिरला. आमच्याकडं बातमी वाचत नसत, पाहत. जो तो फोटोवर बोट ठेवायचा. "चाचा, पेपरात आले ना जी तुमी!" चाचानं माझ्या बापाच्या खांद्यावर थाप मारली. "तेरे बेटे ने छापा. बिना मांगे छापा." त्यानं ते कात्रण प्लास्टिकमध्ये दाबून आणलं आणि दुकानात कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला लावलं. गादी घ्यायला येणाऱ्याला दाखवायचा. त्यातल्या कोणी शेवटपर्यंत वाचलं असेल तर तो बोलला नाही. मी रोज त्याच्या समोरून जात होतो. ते अक्षर मला रस्त्याच्या पलीकडूनही दिसायचं.

पावसाळा सरल्यावर भिंत पाडायची पालिकेची नोटीस आली. त्यात एक बरी गोष्ट होती. भिंतीलगत पाच वर्षांहून जुने जे बसणारे असतील त्यांना संकुलाच्या मागच्या रांगेत एकेक ओटा मिळणार होता. नव्यांना काही नाही. जुनेपणाचा कागद द्यायचा होता. चाचाकडं ना परवाना, ना विजेचं बिल. पिंजणाला वीज लागत नाही. जिनिंगचा मुनीम त्याला ओळखत होता, तो वारला होता.

चाचा रविवारी सकाळी ओट्यावर आला. हातात ते प्लास्टिकमधलं कात्रण.

"बीए, अर्ज लिही. अन् हे जोड."

"चाचा, हे कशाला? अर्ज मी चांगला लिहितो ना."

"अरे फोटो हाय माहा! पेपरात छापेल हाय. सरकारी मानूस फोटो पाहीन का तुहं बोलनं ऐकीन?"

"त्याचा काही उपयोग नाही."

"उपयोग नाही? तूच तं लिहेल हाय." तो हसला. "लाजून राहिला काय? अपना लिखा हुआ आदमी छुपाता है क्या?"

त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. 'चाचा, मी शेवटी चुकीचं लिहिलं.' बाप शेजारी बसून विडी ओढत होता, त्याच्यासमोर ते माझ्या तोंडून निघेना. मोहल्ल्यात माझ्या अक्षराला जी किंमत होती ती मी इतक्या वर्षांत मिळवली होती. मी अर्ज लिहिला, खाली 'सोबत : वृत्तपत्रातील कात्रणाची प्रत' असं लिहिलं आणि चौकातून झेरॉक्स काढून टाचणी लावली. मनाशी म्हटलं, साहेब कुठं शेवटपर्यंत वाचतो. मोहल्ल्यानं वाचलं नव्हतं, मग तोही वाचणार नाही असं धरून चाललो.

साहेबानं वाचलं.

सुनावणीला आम्ही तिघं पालिकेत गेलो होतो. चाचा, मी आणि माझा बाप. बापाला कोणी बोलावलं नव्हतं. तो स्वतःच धुतलेला सदरा घालून निघाला होता. साहेब तरुण होता, बाहेरगावचा, वागायला सभ्य. त्यानं अर्ज पाहिला, मग कात्रण पाहिलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. मथळा वाचला, तेव्हा चाचानं मान डोलावली. वाहनतळ, पथदिवे वाचले. मग 'अलीकडच्या काळात काही अनधिकृत टपऱ्या'.

साहेब थांबला. "बाबा, तुम्ही म्हणता तीस वर्षांपासून बसता. आणि तुम्हीच जोडलेल्या कागदात तर अलीकडे बसल्याचं छापलंय."

चाचाला मराठी वाचता येत नव्हतं, ऐकू चांगलं येत होतं. 

बाप पुढं झाला. "साहेब, मी याच जिनिंगात गाठी बांधल्या. माहं लगन झालं तवा याच मानसानं गादी भरून देल्ली. मी सांगतो ना, हा जुना हाय."

"तोंडी नाही चालत काका. कागद लागतो. ही बातमी कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"अच्छा, तुम्ही त्या पेपरात आहात?" साहेबाचा आवाज बदलला. त्यानं मला खुर्ची दाखवली. बाप आणि चाचा उभे होते, मी बसलो. "चांगलं लिहिता. मग तुम्हीच सांगा, हे चुकीचं छापलंय का?"

तिथं आणखी एकदा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बातमी साधारण परिस्थितीबद्दल होती सर." हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा आठवलं आहे. त्याला अर्थ नाही. बीए झालेला माणूसच असलं वाक्य बोलू शकतो.

साहेबानं आठ दिवस दिले. "एखादा जुना कागद आणा. काहीही. त्यावर या दुकानाचा उल्लेख आणि तारीख असली की झालं. मी करतो."

बाहेर आल्यावर बाप माझ्यापुढं चार पावलं चालत राहिला. चाचानं बसस्टँडजवळ आम्हाला चहा पाजला. बशीत ओतून, फुंकर मारून प्यायला आणि म्हणाला, "पढे लिखे का काम बड़ा बारीक होता है." एवढंच.

मला त्याच दुपारी आठवलं. पेटी खाटेखाली होती. कपड्यांच्या तळाशी कॉलेजचं ते कार्ड, त्यावर कारकुनाच्या हातचा पत्ता, 'गादीवाल्याच्या दुकानासमोर', आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का, तारखेसकट. त्याच्याखाली शाळेच्या परीक्षेची आणखी दोन पाकिटं होती, त्याहून जुनी, तोच पत्ता. साहेबाला हवा होता तसा कागद. एक नाही, तीन.

मी ते हातात घेऊन किती वेळ बसलो होतो सांगता येत नाही. डोक्यात हिशेब असा चालला होता : हे कार्ड दिलं की साहेब विचारणार, तुमच्याच घरचा पत्ता या दुकानावरून आहे तर मग 'अलीकडच्या काळात' कसं छापलं? खोटी बातमी दिल्याचं पेपरला कळवलं तर? जागा घेणारा पेपरला जाहिराती देत होता. उपसंपादक मला ठेवणार नाही. घरात कमावणारा मी एकटा. हे सगळं खरं होतं, आणि हे सगळं निमित्त होतं. खरं कारण असं की चाचासमोर ते कार्ड घेऊन जायला मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बापानं विचारलं. जेवताना, ताटाकडं बघत. "तुह्या पेटीत काई जुना कागद नसंन काय रे?"

"नाही बाबा. सगळे पाहिले."

त्यानं भाकरी मोडली. मला वाचता येत होतं आणि त्याला येत नव्हतं, म्हणून त्याला मान्य करावं लागलं. शिकलेल्या मुलाला अडाणी बाप याहून सोप्या रीतीनं फसवता येत नाही.

आठ दिवस मी कामाच्या नावाखाली दुसऱ्या रस्त्यानं जात-येत राहिलो. नदीच्या बाजूनं लांब पडायचं, तरी गेलो. नवव्या दिवशी भिंत पाडायला माणसं यायच्या आधीच चाचानं स्वतः दुकान सोडवलं होतं. बांबू, पत्रा, पिंजण, सगळं एका हातगाडीवर. बाप हातगाडी ढकलायला गेला होता. कात्रण खिळ्यालाच राहिलं होतं. भिंत पडली तेव्हा तेही गेलं. महिन्याभरात कळलं, चाचा अमरावतीला मुलीकडं गेला.

संकुल झालं. त्याला जागा घेणाऱ्याच्या आईचं नाव दिलं आहे, पण ते कोणी घेत नाही. आधी लोक 'चिमणी होती तिथं' म्हणायचे, मग 'बँकेसमोर', बँक हलली, आता 'टॉवरजवळ'. मागच्या रांगेतले ओटे सहा होते. जुने बसणारे म्हणून कोण-कोण पात्र ठरले ते मी शोधलं नाही, बातमीदार असून. बाप सकाळी उठून दारात उभा राहायचा. समोर आता ज्याला सुईत दोरा ओवून द्यावा असं कोणी नव्हतं. तो तसाच परत आत यायचा. तीन वर्षांनी तो गेला. त्यानं मला पेटीबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, आणि कधी काही वाचून दाखव, असंही म्हणाला नाही. शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यायचा.

पेपर बंद पडल्यावर मी अमरावतीला आलो. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मराठी शिकवतो. मुलं खेड्यातून येतात, पहिल्या पिढीतली, माझ्यासारखी. त्यांना मी अर्जलेखन शिकवतो. सोबत जोडलेल्या कागदांची यादी कशी लिहायची, तेही.

एका दिवाळीच्या आधी गल्लीतून हाक आली, "गादी भरनेवाला!" हातगाडीवर मोटरची मशीन होती, तोंडाला रुमाल बांधलेला म्हातारा होता. बायकोनं आतून हाक मारली म्हणून मी गॅलरीत आलो आणि वरच थांबलो. चाचानं रुमाल खाली केला.

"बीए? तू अठी?"

मी खाली उतरलो. पाया पडलो. तो दोन पावलं मागं सरला, नको म्हणून नाही, हाताला कापूस होता म्हणून. बापाचं विचारलं. मी सांगितलं. त्यानं मशीनच्या दांड्याला धरून डोळे मिटले, ओठ हलवले.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, माझ्याकडं कागद होता. तेव्हा. कॉलेजचं कार्ड."

"मालूम है," तो म्हणाला. "डाकवाल्यानं माह्या दुकानाचा पत्ता वाचून माह्याच हातात देल्लं होतं थे. मीच तुले देल्लं."

 "मग मागितलं का नाही?"

"तू शिकेल मानूस. मले वाटलं, याद येईन तुले." त्यानं मशीनवरचा जुना कापूस हातानं झाडला. "आठ दिन दुकान बंद नाही केलं मी. जेवायलेही घरी गेलो नाही. डबा तिथंच मागोला. म्हटलं पोरगा कार्ड घेऊन येईन, अन् दुकान बंद पाहून वापस जाईन."

वरून बायकोनं विचारलं, गादी आणू का खाली. मी हो म्हटलं की नाही आठवत नाही. ती घेऊन आली. चाचानं शिवण उसवली, कापूस बाहेर काढला, हातात घेऊन पाहिला. खराब झाला होता.

"हाय का अजून थे कार्ड?"

"आहे."

"ठेव मंग," तो म्हणाला. "तुह्या कालेजचं हाय."

आणि त्यानं रुमाल तोंडावर ओढला, पट्टा चढवला, मशीन सुरू केली. तिच्या आवाजात पुढं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. कापूस उडत राहिला आणि मी तिथंच उभा राहिलो, गादी भरून होईपर्यंत.